उत्तर कथेत लिहून आण

आमच्या गटात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. सुरुवातीला एकाच नावाच्या तिघी निघाल्या आणि दर वेळी गोंधळ व्हायला लागला, तेव्हापासून जिचं जे गाव तेच तिचं नाव. मी माधवनगर. माहेर साताऱ्याचं, पण सगळी नोकरी सांगलीतल्या शाळेत झाली. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा बरं, म्हणून मी हा बायकांचा लेखनगट सुरू केला. दर गुरुवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत आम्ही सात-आठ जणी जमतो, कथा वाचतो, भडंग खातो आणि दिवाळी अंकांना कथा पाठवतो. पाठवायचं काम माझ्याकडे. कोणता संपादक कधी कथा मागतो, कुणाला लांबलेली चालत नाही, कोण उत्तरच देत नाही, हे सगळं मला तोंडपाठ आहे. या गोष्टीचा मला तेव्हा फार तोरा होता.

गटाचा नियमही मीच केलेला. कथा वाचून झाली की प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा, आणि लिहिणारीनं त्याला तोंडानं उत्तर द्यायचं नाही. ‘पण प्रत्यक्षात असंच घडलं होतं हो’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. उत्तर पुढच्या गुरुवारी कथेत लिहून आणायचं. या नियमानं दोघी-तिघी रडल्या, एक गट सोडून गेली, पण बाकीच्यांच्या कथा सुधारल्या आणि छापूनही यायला लागल्या.

आष्टा आमच्यात उशिरा आली. पंचेचाळिशीची, घरी उसाची शेती, नवरा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. पहिल्या दिवशी एसटीतून उतरून घामाघूम होऊन आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढत म्हणाली, “मॅडम, मला तुमच्यागत शुद्ध येत न्हाई. चालंल न्हवं?” मी म्हटलं, चालेल काय, पळेल. आणि खरंच तिच्यासारखं लिहिणारी आमच्यात दुसरी नव्हती, मीसुद्धा नाही.

तिच्या घरात दोन जावा, एकच स्वयंपाकघर. थोरल्या जावेला ती आक्का म्हणायची, आणि तिच्याविषयी इतकं बोलायची की आम्ही चिडवायचो, “अगं, तुझं लग्न कुणाशी झालंय ते एकदा नीट सांग.” ती हसायची. “ह्ये सरहद्दीवर व्हते. ईस वर्सं माझा संसार आक्कांसंगच झाला.”

तिसरी कथा तिनं आणली ती आक्कांची होती. आक्कांची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसंही झालं नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं. शेताच्या कोपऱ्यात बांधाकडेला तिला पुरलं आणि त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. पुढं दोन मुलगे झाले, मोठे झाले. कथेत तिनं गाव बदलून साताऱ्याकडचं केलं होतं, उसाऐवजी ज्वारी घातली होती, दोन जावांच्या चार केल्या होत्या. कथेतली बाई भांगलायला, म्हणजे पिकातलं तण काढायला गेली की त्या कोपऱ्यात थोडा वेळ बसते, एवढाच शेवट. एका संपादकानं ती परत पाठवली. शेवटी हाताला काही लागत नाही, म्हणाला.

मग मी गटात तिला विचारलं, “रानात दहा बायका भांगलतायत. ही दर वेळी एकाच जागी जाऊन बसते आणि कुणीच काही विचारत नाही? मला पटत नाही.”

नियमाप्रमाणे ती गप्प राहिली. सगळ्या गेल्यावर मात्र मागं थांबली. “मॅडम, उत्तर हाय माझ्याकडं. पण त्ये लिवायचं न्हाई.”

“काय आहे ते तरी सांग.”

“आक्का पायात काटा गेला म्हणून बसत्यात. काटा नसतोच. पाय मांडीवर घ्यायचा आन उगं टोकरत ऱ्हायाचं. सासूबाईंस्नी ठावं न्हाई, थोरल्या दिरास्नी ठावं न्हाई. मला एकदाच बोलल्या, त्ये बी तापात पडल्या तवा.”

मला त्या क्षणी त्या आईची दया यायला हवी होती. खोटं कशाला सांगू, नाही आली. मला कथेचा शेवट दिसला आणि मी हुरळून गेले. “हेच घाल,” मी म्हटलं, “तुझी कथा इथंच आहे.”

“त्ये त्यांचं हाय, मॅडम.”

“गाव बदललंस, माणसं बदललीस. आणि आष्ट्यात दिवाळी अंक वाचतं कोण?”

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. “वळखू येणार न्हाई न्हवं?” मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. तीस वर्षं वर्गावर शिकवल्यानं माझ्या बोलण्यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो.

पुढच्या गुरुवारी तिनं ते लिहून आणलं. वाचून संपलं तेव्हा कुणी प्रश्नच विचारला नाही. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. मी स्वतः टाइप केलं, दुसऱ्या एका अंकाला पाठवलं, आणि आठ दिवसांत संपादकांचा फोन आला. काट्याचा तेवढा भाग त्यांनी घरात बायकोला वाचून दाखवला होता. ही गोष्ट मी गटात तीनदा सांगितली.

आमच्यातल्या काही जणी घरी चोरून लिहितात. त्यामुळे रागावणाऱ्या नवऱ्यापासून कथा कशी सांभाळायची हे मला चांगलं ठाऊक आहे. अंक माझ्या पत्त्यावर मागवायचा, टोपणनाव घ्यायचं, दोन महिने गप्प बसायचं. आनंद होणाऱ्या नवऱ्याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. अंक आल्याचं कळवायला मी आष्ट्याला फोन केला तो सुभेदारांनी उचलला, आणि मी उत्साहात त्यांनाच सांगून टाकलं. “आमच्या मंडळींची गोष्ट छापून आली? खरं सांगताय, मॅडम?” तासाभरात ते मोटारसायकलवरून पेढे घेऊन माझ्या दारात हजर झाले. अंक मी माझ्या हातानं त्यांना दिला.

पाडव्याला फराळासाठी सगळी भावकी त्यांच्या अंगणात जमली होती. सुभेदार उभे राहिले आणि त्यांनी ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. आष्टा त्यांना नको नको म्हणत होती, पण बायको लाजतेय असं समजून सगळे हसले. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, वाचतानाही लक्षात आलं नाही. आक्का ताटात चकल्या वाढत होत्या. काट्याचा भाग आला तेव्हा फक्त म्हाताऱ्या सासूबाईंनी थोरल्या सुनेच्या पायांकडे पाहिलं. “म्हणून बसतीस व्हय गं तिथं?” त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मायेनंच विचारलं, आष्टा म्हणाली. आक्कांनी ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या.

हे सगळं ती मला फोनवर सांगत होती आणि मी ‘बरं, बरं’ म्हणत होते. “आता आक्का तिथं बसत न्हाईत,” ती म्हणाली. “त्यो कोपरा आला की बाकीच्या बाया फुडं सरकत्यात, तोंड फिरवत्यात, त्यांस्नी बसता यावं म्हणून. आक्का थांबतच न्हाईत, तशाच भांगलत फुडं जात्यात. माणसं चांगली वागत्यात, मॅडम, त्यानंच झालं.”

त्यानंतर ती गुरुवारी आली नाही. मी दोनदा फोन केला. “मी लिवत न्हाई आता. आक्का बी माझ्यासंगं पयल्यागत बोलत न्हाईत,” एवढंच म्हणाली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. ती उलट माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली, आणि फोन ठेवल्यावर मी हमसून हमसून रडले.

संक्रांतीनंतर मी आष्ट्याला गेले. सुभेदारांनी आनंदानं स्वागत केलं, शोकेसमध्ये लावलेला अंक दाखवला आणि मोटर चालू करायला रानात गेले. चहा घेऊन आक्का आल्या. माझ्या मनात होत्या त्यापेक्षा पुष्कळ लहानखुऱ्या. मी तिथंच हात जोडले. “चूक तिची नाही, माझी आहे. ती नको म्हणत होती, मीच लिहायला लावलं.”

“म्हाईत हाय मला. बोललीया ती.” त्या माझ्यासमोर खाली बसल्या. “मी बी वाचली. चांगली लिवलीया.”

“मग तिच्याशी बोला हो.”

आत आष्टा भांडी घासत होती, तो आवाज थांबला. आक्कांनी आवाज खाली आणला. “बोलत न्हाई असं न्हाई. मनात काय आलं की तोंड उघडतंय, मॅडम, आन मग वाटतं, ह्ये बी लिवंल.”

“तिनं लिहायचं सोडलं.”

“व्हय. माझ्यापायी सोडलं. त्ये का मला बरं वाटतंय व्हय?” त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला तिथून उठताही येईना. “आवं, इतकी वर्सं मला सांगायला एकच माणूस व्हतं ह्या घरात. तुमी त्येला लय मोठं केलं, चांगलं केलं. पर आता मी कुणाला सांगू?”