ट्रकवरून दिसलेला रस्ता

फॉर्म ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस होता, आणि यादीतून कोमलचं नाव मीच खोडलं होतं.

तेलगावच्या बाजूला एका हायस्कूलात मी चित्रकला शिकवायचे. आता रिटायर होऊन घरी बसलेय, म्हणून बोलायला मोकळी. तर यादी होती एलिमेंटरीची. एलिमेंटरी म्हणजे चित्रकलेची पहिली सरकारी परीक्षा. ती पास झाली की पुढची देता येते, आणि त्या दुसरीचे दहावीला जादा मार्क मिळतात. आमचे हेडसर चित्रकलेला त्या मार्कांपुरतेच ओळखायचे. माझ्या दोन तासांतला एक त्यांनी गणिताला देऊन टाकला होता. वर बजावलं होतं, निकाल पडता कामा नये, पास होतील तेवढीच पोरं पाठवा.

म्हणून मी स्मरणचित्राचा सराव पेपर घेतला. ह्यात समोर काही ठेवत नाहीत, विषय देतात आणि आठवून काढायचं. विषय दिला, रहदारीचा रस्ता. सगळ्यांनी ट्रक बाजूनं काढले, कडेला एक झाड. झाडसुद्धा सगळ्यांचं एकच. कोमलच्या कागदावर मात्र माणसं तिळाएवढी, बैलांच्या नुसत्या पाठी आणि शिंगं, आणि मधोमध आडव्या दोन जाड काळ्या रेघा. मी लाल पेनानं लिहिलं, 'परस्पेक्टिव्ह चूक'. जवळचं मोठं, लांबचं लहान दिसतं ना, त्याला परस्पेक्टिव्ह म्हणतात. नाव खोडलं, हेडसरांना तसं सांगितलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरगी स्टाफरूमच्या दारात. नववीतली, बोलायला लई कमी. दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यातच परत यायची. परीक्षा दसऱ्याच्या आधी असते, म्हणून तेवढी तिला जमण्यासारखी. पुढच्या वर्षी ती शाळेत असेल का, ह्याचाच भरवसा नव्हता.

"बाई, माझं नाव कावून न्हाई?"

मी चित्र पुढं केलं. "ह्या रेघा कशाच्या गं?"

"लाइटीच्या तारा."

"तारा एवढ्या जाड असतात?"

"डोक्याजवळून जात्यात, बाई. आई म्हणती वाक, की वाकायचं."

"बसली कुठं होतीस तू?"

"ट्रकवर. खाली भांडी, सरपण. त्याच्यावर आमी."

मी कागद परत बघितला. जवळची तार जाड, खालची माणसं बारीक. सगळं जागच्या जागी होतं. तीस वर्षं परस्पेक्टिव्ह शिकवला, पण लादलेल्या ट्रकवर मी कधी बसलेच नव्हते.

तशीच हेडसरांकडे गेले. म्हटलं, एक नाव वाढवायचंय. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटं धरलं, मग सुलटं.

"बाई, ह्या मुंग्या हायत का?"

"माणसं आहेत, सर. वरून बघितलेली."

"काल तुमीच म्हणलात न्हाई जमणार."

"काल मी चुकले."

नापास झाली तर काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तर उरलेला तासही गणिताला घ्या. सरांनी चित्र मला परत दिलं. मग क्लार्कला हाक मारून म्हणाले, बाईंचं एक नाव राहिलंय, पोर्टल बंद व्हायच्या आत टाक.

कोमलला सी ग्रेड मिळाली. वस्तुचित्रात घागर वाकडी आली, भूमितीत कंपास घसरला, स्मरणचित्रानं तारून नेलं. निकाल लागला तेव्हा ती उसाच्या फडात होती. सर्टिफिकेट मी कपाटात ठेवून दिलं.

उन्हाळ्यात आली. उन्हानं काळवंडलेली. सर्टिफिकेटवर बोट फिरवून आपलं नाव वाचलं, आणि म्हणाली, "बाई, ते चित्र हाय का? त्याच्यात एक चुकलंय."

मी चित्र काढून दिलं.

"तारा तीन हायत. औंदा नीट बघितल्या."

माझ्या लाल शेऱ्याच्या खालून तिनं पेन्सिलीनं तिसरी तार ओढली. चूक काढावी ती अशी, जागेवर जाऊन बघून आल्यावर.