परक्या बांधावरची हाक

अंगात येणं हा धंदा आहे, असं मी विसाव्या वर्षी छापून पनवेलच्या बाजारात वाटलं होतं. मथळा होता ‘भगताला प्रश्न विचारा’. मजकूर माझा, छपाईचे खिळे माझ्याच हाताने जुळवलेले. शाई वाळायच्या आत एका भगताच्या चेल्याने माझी कॉलर धरली होती. त्या पत्रकातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. हे आधी सांगतो, कारण या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव वाचून मी संपादकांना दोनदा रागाने पत्र लिहिलंय. हे तिसरं... आणि यात मीच अनुभव सांगणार आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमचं मूळ गाव पनवेलच्या खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. वडील तिथून निघून पनवेलला छापखान्यात जुळारी झाले, मग पायाने चालवायचं स्वतःचं छोटं ट्रेडल यंत्र घेतलं. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरच. गावाकडे सगळे ‘हाय-नाय’ बोलायचे, पण आमच्या घरात ‘पानी’ म्हटलं की वडिलांची लाकडी पट्टी बोटांवर बसायची. त्यामुळे माझी जीभ लहानपणीच शुद्ध झाली. हे पुढे महत्त्वाचं आहे.

गोष्ट सन १९५० नंतरची. छपाई शिकायला मी लंडनला होतो. खोलीत सोबत बेन्यामिन, म्हणजे आमचा बेन्या. तोही पनवेलचाच, बेने इस्राएली ज्यू, शाळेत माझ्याच बाकावरचा. तिथे एका कचेरीत नकाशे काढायचा आणि मला ‘पत्रक्या’ म्हणायचा. थंडीभर मला खोकला होता. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस समुद्रावर जा, काही वाचू नका, काही लिहू नका, नुसतं बसा. म्हणून आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या एका खेड्यात शनिवार-रविवार काढायचं ठरवलं. बेन्याची एकच अट होती, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोचायचं. शनिवारी तो प्रवास करत नाही, विस्तव पेटवत नाही, पेन्सिलसुद्धा हातात धरत नाही.

खेडं लहान होतं. एक रस्ता, एक चर्च, पोस्ट आणि किराणा एकाच दुकानात. घरांच्या मागे मातीचा उंच बांध, त्यावर गवत. बांधापलीकडे वाळू... नजर पोचेल तिथपर्यंत ओली, सपाट वाळू. समुद्र कुठेतरी लांब, रेघेसारखा. बांध बघून बेन्या म्हणाला, “अरे, ही तर तुमची खारबंदिस्ती!” खरंच, खाडीचं खारं पाणी अडवायला आमच्या गावी घालतात तसाच होता.

आम्ही उतरलो ते घर मिसेस हॉब नावाच्या विधवा बाईंचं. शनिवारी सकाळी नऊला चहा आणि उकडलेली अंडी देताना त्या म्हणाल्या, “वाळूवर जाणार असाल तर दहाच्या आत परत या. दहा म्हणजे दहा.”

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने वर्तमानपत्राआडून आमच्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी आम्ही शेजारी बसल्याबरोबर हेच दोघं उठून दुसरीकडे जाऊन बसले होते. माझं डोकं तिथेच फिरलं.

“दहानंतर वाळू फक्त गोऱ्यांची असते का?” मी विचारलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. “दहानंतर वाळू समुद्राची असते,” त्या म्हणाल्या आणि किटली घेऊन आत गेल्या.

दारातच भरतीचं वेळापत्रक टांगलेलं होतं. मी त्याकडे बघितलं नाही. ज्या घरात आमच्या शेजारी बसायला लोक तयार नाहीत, तिथल्या कागदावर मी का विश्वास ठेवू? बाहेर पडताच मी बेन्याला विचारलं, “आज तिथी कुठली?”

“मी काय तुला भटजी वाटलो? आमच्या महिन्याची आज नववी.”

“म्हणजे नवमी. तुमचे महिनेही चंद्राचेच, चंद्र काय दोन आहेत?”

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात, मला ते आजोबांनी शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. नऊची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, म्हणजे आता ओहोटी चालू, एक वाजेपर्यंत पाणी उतरतच राहणार. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो, पाण्याला उधाणाचा जोर नसतो. मी हे सगळं बेन्याला मोठ्या ऐटीत समजावलं आणि आम्ही साडेनऊला वाळूवर उतरलो. ते गणित आपल्या खाडीचं आहे, जगाचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. भगताला प्रश्न विचारायला सांगणाऱ्याने आजोबांच्या गणिताला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती पाऊण वाजता होती. बरोबर उलट!

अर्धा तास चाललो असू. ऊन छान होतं, खोकला थांबला होता. मग समुद्राकडून धुकं आलं. आलं म्हणजे, एका मिनिटात बांध दिसेनासा झाला आणि पाच मिनिटांत बेन्याची टोपी. मी त्याच्या कोटाचा पट्टा मागून घट्ट धरला. परत फिरलो. वाटेत एक ओहोळ लागला, येताना तो कोरडा होता.

“पत्रक्या, हे पाणी जातंय की येतंय?”

“जातंय. ओहोटी आहे.”

“मग माझे मोजे का भिजले?”

मी वाकून पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर एक पीस तरंगत होतं आणि ते आमच्या पुढे पुढे, आम्ही जिकडे जमीन समजत होतो तिकडे, भराभर चाललं होतं. म्हणजे एकतर पाणी येत होतं, किंवा आम्ही समुद्राकडे चाललो होतो. दोन्हींपैकी काय, ते मला कळेना. पाणी गुडघ्याला लागलं. इतकं गार की पाय आहेत की नाहीत तेच समजेना. बेन्या दात वाजवत पुटपुटायला लागला, त्यांची प्रार्थना. आणि तेव्हा हाक आली.

“पानी चरलाय रं...! बांदाव या...! पानी चरलाय...!”

डावीकडून. आम्ही जात होतो त्या दिशेच्या अगदी आडव्या बाजूने. मोठा, घोगरा, पुरुषाचा आवाज, शेवटचं अक्षर लांबवून. आमच्या गावी उधाणाला मिठागरात माणसं असली की बांधावरून अशीच हाक देतात. पाणी चढलंय, बांधावर या; चढलंयचं ‘चरलाय’. हा ‘ढ’चा ‘र’ आमच्या खाडीकाठाबाहेर मी तरी ऐकलेला नाही.

मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? दिलासा नाही, संताप. कोणीतरी आमची थट्टा करतंय!

“चल!” बेन्या ओरडला. “आपल्या गावची हाक आहे!”

“म्हणूनच जायचं नाही! इथे आपल्या गावचं कोण आहे? डाव आहे हा.”

“बुडणाऱ्याशी कोण डाव खेळतो, गाढवा? चल!”

त्याने मला ओढलं. मी दोन पावलं गेलो, पुन्हा थांबलो. सरळ पुढेच जमीन आहे अशी माझी खात्री होती. पुन्हा हाक आली, या वेळी जरा चिडलेली, आईबापांनी तिसऱ्यांदा बोलवावं तशी. बेन्याने माझ्या मनगटात नखं रोवली. आम्ही आवाजाकडे वळलो. ओहोळात पाणी कमरेपर्यंत आलं, एकदा छातीपर्यंत, मग पायाला चिखल, मग गवत. आम्ही बांध हातापायांनी चढलो.

वर कोणी नव्हतं. धुक्यात दहा पावलं दिसत होतं, तितक्यात तरी कोणी नव्हतं. मी पळत दोन्ही बाजूंना गेलो. ओल्या मातीत पावलं फक्त आमची.

पलीकडच्या परसातून मिसेस हॉब कपड्यांचे चिमटे हातात घेऊन धावत आल्या. आम्हाला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “देवाची कृपा! तुमचा माणूस बिचारा किती वेळ ओरडतोय. तो कुठे गेला?”

“कुठला माणूस?”

“बांधावरचा. तुमच्या भाषेत बोलणारा.”

कपडे बदलायच्या आधी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणालो, ऐकलं ते लिहा. बेन्या कुजबुजला, “अरे, निदान पाणी तरी निथळू दे, दारोगा!” बाईंनी जमेल तशा इंग्रजी अक्षरांत लिहिलं. तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्यात ‘पानी’ आहे आणि त्यापुढे तोडून तोडून ‘चार लाय रा’ आहे.

मी चौकशीला लागलो. त्या दोन दिवसांचा आराम तिथेच संपला. पहिला संशय बेन्यावर, कारण पनवेलच्या बाजारातल्या कोळणींची हुबेहूब नक्कल करून तो शाळेत मार खायचा. पण त्याच्या कोटाचा पट्टा माझ्या मुठीत होता, तो प्रार्थना पुटपुटत होता, आणि आवाज लांबून येत होता. दुसरा संशय मिसेस हॉबवर. खोदून विचारल्यावर कळलं की त्यांचा नवरा जहाजावर आचारी होता, मुंबईला दोनदा येऊन गेला होता, युद्धात बुडाला. मला हायसं वाटलं!

“म्हणजे तुम्हाला हिंदी शब्द येतात?”

“चाय. जल्दी. पानी,” त्यांनी बोटांवर मोजले. “पानी म्हणजे पाणी, म्हणून तर मला कळलं की तो भरतीबद्दल ओरडतोय.”

बेन्या शेकोटीपासून म्हणाला, “बाईंना पानी नवऱ्याने शिकवलं, ठीक. चरलाय कोणी शिकवलं? आणि आवाज पुरुषाचा होता, पत्रक्या. का त्यासाठीही काही कागद आहे?”

रविवारी मी पोस्टात विचारलं, चर्चबाहेर विचारलं, किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. एखादी बोट लागली का, कोणी कोकणी खलाशी उतरला का? काही नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, या गावात आलेले पहिले हिंदी लोक तुम्हीच. जेवणाच्या टेबलावरचं ते म्हातारं जोडपं मात्र त्या दिवशी आमच्या शेजारी येऊन बसलं आणि बेन्याला मोहरीच्या चटणीची बाटली पुढे करून म्हणालं, “बांधावरच्या तुमच्या मित्राला थँक्स सांगा.” त्यांनीही ऐकलं होतं.

निघताना मी मिसेस हॉबची माफी मागितली, वाळूबद्दलच्या बोलण्याची. संशयाची नाही. संशय होताच. पनवेलचा पत्ता त्यांना देऊन ठेवला, मनात हेतू असा की कधी खरं कबूल करावंसं वाटलं तर करतील.

दोन वर्षांनी मी परतलो. बेन्याच्या घरचे सगळे इस्राएलला गेले होते, तोही मागोमाग गेला. मी छापखाना सांभाळू लागलो. हा प्रकार कोणाला सांगितला नाही. भगताचे चेले टपलेलेच होते, त्यांच्या हातात हे आयतं कशाला द्या?

मग गेल्या पावसाळ्याआधी मिसेस हॉबचं पत्र आलं. कबुली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं: ‘धुकं आलं की बांधावर तो आवाज अजून येतो. शेजारी म्हणतात पक्षी असेल. मला भीती वाटत नाही. पण तो दमल्यासारखा वाटतो. त्याला काय हवंय, तुम्ही सांगू शकाल का?’

मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग गावी गेलो. आईचे भाऊ, धर्मामामा, मिठागराच्या बांधावर बसून बिडी ओढत होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील, किंवा नारळ फोड म्हणतील. त्यांनी एकच विचारलं.

“तू ओ दिलीस का?”

“कसली ओ?”

“आरं, हाक आयकली तं ओ नको द्याला? ‘आलू रं’ बोलाचा. सगल्यांची ओ आल्याबिगर हाक देनारा बांद सोरत नाय. उबाच रव्हतो बिचारा.”

“मामा, पण तो होता कोण?”

“मना काय म्हाईत? मी होतू का तिकरं?”

“तुम्ही हे खरं धरून बोलताय. माझं पत्रक वाचलं होतंत ना?”

“वाचून घेतला होता. बरोबर लिवला होतास. भगत कोंबरा मागतो, दारू मागतो.” त्यांनी बिडी चिखलात विझवली. “ह्यानं काय मागला तुझ्याकरं?”

तिथल्या तिथे मला त्या पाण्यातला मी आठवलो. एक माणूस घसा फोडून बोलावतोय आणि मी त्याची लबाडी शोधत उभा. पोचल्यावरही त्याच्या पावलांची तपासणी केली, ओ नाही दिली.

घरी येऊन मी मिसेस हॉबना पत्र लिहिलं. ‘आलू रं’, म्हणजे ‘आलो रे’, हे इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं, उच्चार कसा करायचा तेही लिहिलं, आणि बांधावर जाऊन मोठ्याने म्हणा, अशी विनंती केली. पोस्टाच्या पेटीपाशी मी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, ते बघून घेतलं. खोटं कशाला सांगू?

त्यांचं उत्तर आलंय. लिहितात, धुक्याच्या सकाळी मी बांधावर गेले, तुम्ही सांगितलंत तसं तीनदा ओरडले, शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून पाहिलं. बस, एवढंच. त्यानंतर आवाज थांबला की नाही, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

चौकशी अर्धी सोडणारा माणूस मी नव्हे. आवाज थांबला का, हे विचारायला एक ओळ पुरे आहे. ती बाई मला अजूनही बनवत असेल, त्या खेड्यात कोणीतरी आमचा खाडीकाठचा माणूस दडलेला असेल, धुक्यात आवाजाचं काहीतरी होत असेल... यातलं एकही मला स्वतःला शेवटपर्यंत पटवून देता आलेलं नाही, आणि दुसरं काही मानायला मी तयार नाही. विचारायचं पत्र लिहून ठेवलंय, टेबलावर आहे. अजून टाकलेलं नाही.