चार पुरुस पाणी

टेंभीचा तलाव गावातल्या भोयांना वरून पाठ होता. खालून पाठ होता तो एकट्या सत्यभामाला, पण तिला कुणी विचारलं तर ना!

चांदूर बाजारच्या अलीकडचा हा तलाव. मासेमारांच्या सोसायटीत एकोणतीस गडी आणि नवऱ्याच्या माघारी त्याच्या जागी घेतलेली ही एकटी बाई. अध्यक्ष तिचा धाकटा दीर, जानराव. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याच्या अकलेची त्याला फार काळजी वाटायची.

गेल्या साली सोसायटीनं नवीनच खटपट केली. निंबाच्या फांद्यांचे भारे दगड बांधून तळाशी बुडवायचे, मासोळ्या आडोशाला जमतात, मग उन्हाळ्यात त्याभोवती जाळं लावायचं. गड्यांनी आपले भारे तलावाच्या बांधाच्या भिंतीजवळच्या डोहात टाकले. सत्यभामानं आपले पाच काठाजवळ टाकले, एक पुरुस पाण्यात. हात वर करून उभा असलेला माणूस बुडेल, तो एक पुरुस. डोहातल्या भाऱ्यांना गाळानं गिळलं, त्यांचा पत्ताच लागला नाही. सत्यभामाचे मात्र साऱ्या गावाला दिसले. गहू-हरभऱ्यासाठी कालव्याला पाण्याच्या तीन पाळ्या सुटल्या, तलाव उतरला आणि मार्चातच भारे उघडे पडले. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले. गडी पोट धरून हसले. स्वतःचे भारे कुठं गेले, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

सभेत जानरावानं सांगून टाकलं की अजून एक साल पाहू. यंदाही असंच झालं तर वैनींनी काठावर बसून मासोळ्या निवडाव्यात, नाव आणि सभासदकी दुसऱ्याला द्यावी. नवरा गेल्यापासून ती नाव तिनं एकटीनं वल्हवली होती. ती आतून पेटली. राग जानरावाचा थोडा आणि स्वतःचा जास्त होता. वीस उन्हाळे तिनं याच तलावाच्या उघड्या पडलेल्या तळात खरबुजांची डांगरवाडी लावली होती. पाणी जसं मागं सरायचं, तशी ती त्याच्यामागून डांगराच्या बिया टोचत जायची. आणि पाणी मागं सरतं, हेच नेमकं ती विसरली होती!

दिवाळी झाल्यावर तिनं शेजारच्या आशाबाईला नावेत घेतलं आणि दोराला पुरुसापुरुसावर गाठी मारून खाली दगड सोडला. तीन पाळ्यांत तलाव दोन पुरुस उतरतो, हा तिच्या डांगरांचा हिशेब. भाऱ्यांवर दोन पुरुस पाणी उरायलाच हवं, म्हणजे आज चार हवं. पण नुसतं चार असून भागत नव्हतं. दोनदा दगड काळा चिखल माखून वर आला, दोनदा ती पुढं सरकली. मारुतीच्या देवळाचा झेंडा मोठ्या पळसाआड गेला, तेव्हा तिला जागा सापडली. इथंच खाली जुन्या नाल्याचा मुरमाड काठ होता. फार कोरड्या साली तिचं शेवटचं आळं तिथवर गेलं होतं. दगड ठक्कन टेकला, वर आला तो स्वच्छ. गाठी मोजल्या, बरोब्बर चार. तिनं तिथंच आपले भारे सोडायला घेतले.

जानराव आपल्या नावेतून पाहतच होता.

"वैनी, तिथं कावून टाकून राहिल्या? खोल पाणी तं इकडं हाये."

"तिकडं खाली गाळ हाये, भाऊजी. मी त्यात गुडघ्यालोक रुतली. तुमी रुतले का कदी?"

त्यावर त्यानं वल्हं जरा जोरात मारलं, एवढंच.

हिवाळा गेला, तिन्ही पाळ्या सुटल्या. यंदा पाणकावळ्यांना बसायला काही मिळालं नाही. एप्रिलातल्या एका सकाळी दोघींनी भाऱ्यांभोवती जाळं घेरलं आणि आशाबाईनं बांबूनं पाणी बडवलं. जाळं असं ओढलं गेलं की नाव एका बाजूला कलली. रोहू, कटला, एक मांडीएवढी मरळ! दोघींना ओढवेना, तेव्हा हाका न मारताच तीन नावा मदतीला आल्या. पहिली जानरावाची. सत्यभामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तळ्यातलंच उडालंय, असं समजायची सगळ्यांना मोकळीक होती.

काठावर ढीग पडला. जानराव ढिगाला वळसा घालून तिच्यासमोर आला.

"पुढच्या साली आमचे भारे कुठं टाकाचे, वैनी? तुमीच सांगा."

"सांगून नाई समजत. मे मयन्यात या."

मे महिन्यात तलाव उतरला. काठाकडचा तळ उघडा पडला, वर भेगा आणि खाली ओल. एकोणतीसच्या एकोणतीस गडी आले, जानराव पांढऱ्या लेंग्यात.

"चपला काढा," सत्यभामा म्हणाली. "तळ पायानंच समजते."

अध्यक्षांनी आधी काढल्या, मग सगळ्यांनी. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून जानराव तिच्या मागं निघाला, त्याच्या मागं बाकीचे अठ्ठावीस, आणि डोहाच्या काठाशी येऊन तो पोटरीपर्यंत रुतला तेव्हा हात द्यायला सत्यभामाच पुढं होती.