काचवालीला उत्तर न देण्याबाबत

शनिवार, दिनांक १६ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी, 'विसरगाव' या जपानी चित्रमालिकेचा सातवा भाग प्रसारित झाल्यानंतर, आपल्या प्रेक्षक-समूहाने माझ्या धाकट्या बहिणीला गेलेली मानले. ती जिवंत आहे. त्या वेळी ती आमच्या बैठकीच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर, हातात फोन धरून बसली होती. ही नोंद मी प्रथम करून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याला आपल्यातील काहीजण खेळ म्हणतात आणि काहीजण प्रेम, आणि हे दोन्ही शब्द पुढे केले की कोणतीही जबाबदारी झटकता येते असा माझा अनुभव आहे.

समूहात तिला सारे 'काचवाली' म्हणतात. बहुतेकांना तिच्याविषयी याहून अधिक माहिती नाही, म्हणून ती देणे मला भाग आहे.

माझी बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते. गिऱ्हाईक काउंटरवर फ्रेम निवडते आणि काही दिवसांनी तयार चष्मा नाकावर ठेवून निघून जाते. मधल्या काळात कोणीतरी त्या काचेची कड चाकावर धरून फ्रेमच्या मापाची करते, हे त्याच्या गावीही नसते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिने शिक्षण सोडले आणि या कामाला लागली. वडील गेले, तिच्या लग्नाच्या गोष्टी आल्या तशा गेल्या, काम राहिले. तिचे टेबल रस्त्याकडच्या खिडकीला लागून होते. वाकड्या मानेचा दिवा, पाण्याचे भांडे, काचांचे ट्रे. येणारेजाणारे थांबून पाहत. शाळा सुटली की मुले खिडकीला नाक लावून उभी राहत आणि ती घासलेली काच डोळ्यासमोर धरून त्यांच्याकडे पाही. दिवसभरात तिच्याकडे कोणी पाहिले असेल तर ते एवढेच.

चित्रमालिकांचा नाद तिला माझ्या मुलीने लावला. मुलगी तापाने पडून होती, आत्या उशाशी बसली होती आणि दोघी एकच पडदा पाहत होत्या. पुढे मुलगी शिकायला परगावी गेली, आत्या पाहतच राहिली. मी नाक मुरडले, हे लपवत नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने दर आठवड्याला जपानी कार्टूनची वाट पाहावी, हे मला शोभणारे वाटले नाही, आजही वाटत नाही. परंतु समूहात ती मते लिहू लागली आणि लोक तिला उत्तरे देऊ लागले, तेव्हापासून ती जेवताना बोलू लागली. "दादा, आज सत्तावीस जणांनी उत्तर दिलं," ती सांगे. मी विचारी, "कशाला?" ती म्हणे, "नायक फार बोलतो, गप्प बसला असता तर मी रडले असते, असं लिहिलं होतं." माझी बायको हसून म्हणे, "तुमच्याबद्दल लिहिलं असेल."

ऑक्टोबरमध्ये 'विसरगाव' सुरू झाली. समुद्रकाठच्या गावातून दर भागात एक रहिवासी नाहीसा होतो आणि उरलेल्यांना तो कधी होता हेही आठवत नाही, अशी तिची कथा आहे. नायकाखेरीज कोणालाच काही चुकल्यासारखे वाटत नाही. कोण गेले हे मालिका सांगत नाही, ते प्रेक्षकाने पार्श्वभूमीत शोधायचे. आपल्या समूहाचा सारा उत्साह या शोधातच होता: चित्र थांबवायचे, मागची गर्दी न्याहाळायची, कोण कमी झाले ते ओळखायचे आणि त्या माणसासाठी स्मृतिधागा, म्हणजे समूहातली वेगळी चर्चा, उघडायचा. तेथे सारे त्याच्या आठवणी लिहिणार, अर्थात मनाने रचलेल्या. पाटी रंगवणारा म्हातारा गेला, मासळी तोलणारी बाई गेली, एक कुत्रा गेला. कुत्र्यासाठी लोकांनी जे लिहिले तसे माझ्या वडिलांसाठी कोणी लिहिले नव्हते.

या गावात चष्म्याचे एक दुकान आहे. पहिल्या भागापासून त्याच्या खिडकीत दिव्याखाली वाकून एक बाई काही घासत असते. तिला संवाद नाही, नाव नाही. तिसऱ्या भागानंतर कोणीतरी माझ्या बहिणीला काच कशी घासतात ते विचारले आणि तिने आपल्या टेबलाचे छायाचित्र टाकले. त्या रात्री समूहात केवढी खळबळ उडाली ती आपणांस आठवत असेल. तोच दिवा, तीच वाकडी मान, ट्रे त्याच बाजूला, भिंतीवर उलटे टांगलेले दिनदर्शिकेचे पान. "काचवाली मालिकेत आहे," असे ठरले. जगभरच्या अशा टेबलांवर हीच सामग्री असते, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी, तिच्या डाव्या अंगठ्याला काच लागली. पट्टी मीच बांधली. ही गोष्ट तिने समूहात लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या भागात खिडकीतल्या त्या बाईच्या डाव्या अंगठ्यावर पांढरे काही गुंडाळलेले होते. बहिणीने चित्र थांबवले आणि आपला अंगठा पडद्याशेजारी धरला. ती हसत होती. मी हसलो नाही. याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आपल्याकडेही नाही, आणि ते मागण्यासाठी मी लिहीत नाही.

सातव्या भागात ती खिडकी काळोखी होती. स्टूल रिकामे होते.

त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकाने काचा घासण्याचे आपोआप चालणारे यंत्र आणले आणि ते दिसावे म्हणून खिडकीत ठेवले. बहिणीला मागच्या खोलीत हलवले, यंत्राला न जमणाऱ्या जाड काचांसाठी. हे तिने आम्हांला सांगितले नाही. मला कळले ते मी माझा चष्मा दुरुस्तीला टाकायला गेलो तेव्हा. त्या खोलीतला दिवा माणसाची हालचाल झाली तरच लागतो, थोडा वेळ कोणी हलले नाही की आपोआप विझतो. काच घासणाऱ्याला तर हात स्थिर ठेवावा लागतो. मी दारात उभा असताना दिवा विझला. चाकाचा आवाज चालू होता. मग अंधारात तिचा हात वर गेला, हलला, आणि दिवा लागला. तिने मान वर केली नाही. "मालकाला सांगत का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "सांगितलं. ते म्हणाले, 'इथे कोणी बसतं हे लक्षातच नाही राहत.'"

आता आपल्या कृत्याकडे येतो. सातव्या भागानंतर स्मृतिधागा उघडला गेला तो त्या चित्रातल्या बाईसाठी नव्हे, 'काचवाली'साठी. आपण लिहिले: तिची मते धारदार होती. ती असती तर आजच्या भागातल्या पावसाला नावे ठेवली असती. बहिणीने लगेच लिहिले, "मी आहे अजून. पाऊस बरा होता, छत्र्या वाईट होत्या." यावर एकाने लिहिले, "कधीकधी तिचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो." त्या वाक्याला त्या आठवड्यात सर्वाधिक पसंती मिळाली. धाग्याचा नियम आपणांस ठाऊक आहे: गेलेला माणूस दिसत नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायचे नाही. हा नियम कुत्र्यासाठी केला होता. माणूस असलेल्या सभासदाला तो लावताना कोणाचाही हात थांबला नाही.

प्रारंभी तिला मौज वाटली. मग ती रोज लिहू लागली, मोठे, सविस्तर, विनोद करून. मग प्रश्न विचारू लागली. तिने लिहावे आणि पुढच्याने तिच्या खालून वरच्याला उत्तर द्यावे, जणू मध्ये ओळच नाही.

घरातही काहीतरी बदलत गेले. एका दुपारी माझी बायको बाहेरून कुलूप लावून बाजारात गेली. बहीण आतच होती. "वन्सं, हाक नाही का मारायची?" परतल्यावर ती म्हणाली. बहीण म्हणाली, "मारली ना वहिनी. तुम्ही दारात उभ्या होतात." माझी बायको विसराळू नाही आणि तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. त्या दिवसापासून ती खोलीत शिरताना आधी बहिणीचे नाव घेते, उत्तर येईपर्यंत थांबते.

आणि मग तो चहा. मी कप पुढे केला, बहिणीने घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "मला साखर कमी लागायची, दादा." गेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी सांगाव्यात तशी. तिला ते कळलेही नाही. मी कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि साखर कमी घालून दुसरा चहा टाकला.

दहाव्या भागानंतरच्या रविवारी मी तिला घेऊन आपल्या बैठकीला आलो. शिवणवर्गाची खोली, भिंतीलगत कापडे टाकून झाकलेली शिलाई यंत्रे, मध्ये खुर्च्या. आपल्यातील पंधरा-वीस जण हजर होते. ज्यांना सारे 'मॉनिटर' म्हणतात त्या, दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देणाऱ्या बाई, दारात होत्या.

"या काका. नवीन का?"

"मी कोणाचा काका नाही. मी हिचा भाऊ."

त्यांनी माझ्या शेजारी पाहिले. मग माझ्याकडे पाहून गोड हसल्या. "कोणाचे?"

"बाई, खेळ पुरे."

"बसा ना, काका. सुरू होतंय."

चर्चा चालली होती. दीडपट वेगाने भाग पाहणारा, आपण ज्याला 'घाई' म्हणता तो तरुण, म्हणत होता, "मधले दोन भाग नुसतं पाणी घातलंय. माझा तर एकेक सोळा मिनिटांत संपला." मॉनिटर म्हणाल्या, "तू जेवतोसही तसाच. चव कळणार कधी?" कोणीतरी शेवटच्या गाण्यावर घसरले. बहीण म्हणाली, "गाणं नाही, गाण्याखालची चित्रं बघा, समुद्र दर आठवड्याला जवळ येतोय." हे निरीक्षण अचूक होते. कोणी मान वळवली नाही. थोड्या वेळाने घाई म्हणाला, "ए, मला आत्ताच सुचलं. समुद्र जवळ येतोय." टाळ्या पडल्या.

इथपर्यंत तो आपला अभिनय होता आणि तो आपण चोख केला, असे मी समजून चाललो. परंतु मग एक मुलगी उशिरा आली, घाईघाईने खुर्च्यांमधून शिरली आणि माझ्या बहिणीच्या मांडीवर बसली. ती किंचाळून उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "इथे कोणीतरी..." ती म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहावे तसे पाहत राहिली. मी शिक्षक म्हणून जन्म काढला आहे. नाटक करणारी आणि न करणारी मुले मला ओळखता येतात. ती नाटक करत नव्हती.

मग भाग पुन्हा दाखवायचा म्हणून कोणीतरी दिवे मालवले. अंधारात मला शेजारी हालचाल जाणवली. बहिणीने सवयीने हात वर केला होता आणि ती तो सावकाश हलवत होती. दिवा लागला नाही. मी तिचा हात खाली घेतला, तो थंड होता, आणि आम्ही बाहेर पडलो. मागोमाग आलेल्या मॉनिटरबाईंना मी जिन्यात गाठले.

"तुम्हांला ती दिसत नाही?"

त्या या वेळी हसल्या नाहीत. "काका, खरं सांगू? आधी आम्ही मुद्दामच करत होतो. आता तिने लिहिलेलं माझ्या डोळ्यांखालून जातं आणि... जातं. नंतर आठवतं, की काहीतरी होतं." त्या कठड्यावरची धूळ पुसत राहिल्या. "शेवटच्या भागानंतर सगळे धागे बंद होतात. जे गेले त्यांची नावं यादीतून निघतात. नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"आम्हीच."

माझी बहीण दोन पायऱ्या खाली उभी होती. "राहू दे दादा," ती म्हणाली. "मालिका चांगली होती." मॉनिटरबाईंनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान जराशी कलती केली, दुसऱ्या खोलीतला नळ ठिबकतो की काय हे ऐकावे तशी.

काल, चौदा डिसेंबरला, अकरावा भाग झाला. शेवटच्या भागाची झलक आपण पाहिलीच आहे: चष्म्याचे दुकान नाही, तेथे भिंत आहे, आणि भिंतीला लागून माणसे चालली आहेत. आज सकाळी बहीण बाहेर गेली की घरात आहे हे मला पटकन सांगता आले नाही. ती शेजारच्या खोलीत होती, फोन घेऊन, अकराव्या भागावरचे आपले मत लिहीत.

मालिकेत काय आहे, दुकानात काय झाले आणि चित्रातल्या त्या अंगठ्यावर पट्टी कोणी रेखाटली, हे मला कळत नाही. दुकानाच्या मालकाशी मी भांडेन, ते माझ्याकडे लागले. परंतु उत्तर न देणे आपण सुरू केले आणि ते आपल्यालाच थांबवता येईल. धाग्यावर तिचे मत या क्षणी सर्वांत खाली आहे. चार ओळी आहेत. त्या आत्ता वाचा. तिच्यासाठी आठवणी लिहू नका. तिला विचारा: काचवाली, समुद्राचं तुला आधी कसं कळलं? आणि ती उत्तर देईल तेव्हा त्यालाही उत्तर द्या.