बारा दहाचा मुहूर्त

“तू नर्स आहेस की वाडीची पुढारी?” डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं. “शेण काढायचं सोडून इथं आलीस, ते मला शिकवायला?”

मारुंजीच्या सोसायटीतलं एक कुटुंब पेढ्यांचे बॉक्स घेऊन उभं होतं. त्यांच्यातलं कुणीतरी हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मी एवढंच म्हटलं होतं, की ताम्हिणीकडच्या बाईला आधी घ्या. आठवा महिना. बीपी एकशेऐंशीच्या वर, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी. फिट येऊ नये म्हणून सुई दिली होती, पण बाळाचे ठोके उतरत होते. ताबडतोब सिझर, असं अकरा वाजता डॉक्टरच म्हणाले होते. संमतीचा कागद पुढं करताच तिच्या नवऱ्यानं विचारलं, “कुटं करू सही?” वाचलंसुद्धा नाही.

ऑपरेशनचं टेबल एकच. आणि सोसायटीतल्या सुनेचं सिझर बारा दहाला, गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर. सून धडधाकट, मोबाईल बघत बसलेली. तिची सासू म्हणाली, “मध्येच त्यांचं नको हो डॉक्टर. सगळं धुऊन पुसून होईस्तोवर आमची वेळ टळेल.”

टळू दिली नाही. तासभर टेबल रिकामं ठेवलं. रिकामं! भूल देणारे डॉक्टर चहा पीत होते. नवरा म्हणत राहिला, “ताई, तिला दिसंना झालंय.” मी म्हणत राहिले, “घेतायत हं.”

एक वाजता तिला घेतलं. तोवर आत बाळाची वार आधीच सुटली होती. मुलगी मेलेली निघाली. बाई कशीबशी वाचली. बाहेर पेढे वाटत होते. मी एक खाल्ला.

मग डॉक्टर म्हणाले, “लिही, नातेवाइकांनी संमतीला उशीर केला.” मी लिहिलं.

गेल्या आठवड्यात पिरंगुटच्या बाजारात तो नवरा भेटला.

“ताई, सही मी लगीच केली व्हती ना? दवाखान्यातली मानसं म्हनली, उशीर माजाच. बायको बोलंना झालीय. आता माजं मलाच आठवंना.”

मी पिशवी खाली ठेवली. “लगेच केलीस. उशीर आम्ही केला, मुहूर्तासाठी. तुझ्यावर ढकलला तो मी. लिहिणारी मी.”

 

डॉक्टरांनाही सांगून टाकलं. म्हणाले, “अडकशील तूच.” अडकेन. सोमवारी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात हे सगळं लिहून देणार आहे, खाली माझं पूर्ण नाव घालून. त्याआधी त्याच्या वाडीवर जाणार. बायकोसमोर बसून बोलणार. ती तोंडावर थुंकली तरी बोलणं अर्धवट सोडून उठणार नाही.