पोरीच्या कोपराचे सहा महिने

मक्याच्या ट्रॉलीवरून उडी मारताना माझी मुलगी उजव्या हातावर पडली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी घरात शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होते. बाहेर आले तर तिचं कोपर मागच्या बाजूला निघालेलं.

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. जालन्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून आधी पिंपळगावच्या हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने लेप लावून बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, निळसर पडली. मग पळालो जालन्याला.

डॉक्टरांनी कामट्या काढल्या आणि माझ्याकडे बघितलं. "काल आणलं असतं तर बहुतेक न चिरता, बाहेरूनच तारा घालून हाड बसवलं असतं. आता उघडावं लागेल."

मी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने प्लास्टर निघालं, तारा निघाल्या. मला वाटलं, सुटलो. पण हात अर्ध्यातच अडकलेला. ना सरळ होत होता, ना पुरता वाकत होता. घास तोंडापर्यंत पोचेना, म्हणून ती डाव्या हाताने जेवायची.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, गरम तेल लावून वढ जरा. न्हाई तर जन्माचा वाकडा राहीन. पोरीची जात आहे."

मग मी रोज सकाळी तेल चोळून तो हात ओढायला लागले. ती रडायची, मी तोंड फिरवून ओढायची. पुढे पुढे तेलाची वाटी दिसली की ती मागच्या दारातून निघून जायची, आणि मी तिला धरून आणायची. त्यानंतर मशीनवर बसले की शिवण वाकडीच जायची.

पुढच्या तारखेला डॉक्टरांनी हात वाकवून बघितला. मागच्यापेक्षा कमी हलत होता.

"चोळता का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"चोळती," पोरगी म्हणाली. "रोज. अन् वढती बी."

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. खुर्ची पुढे घेऊन ते म्हणाले, "ओढल्याने आत सूज येते, सांधा आणखी आखडतो. हात तिचा आहे, तिलाच हलवू द्या. उशीर झाला होता, चिरावं लागलं, म्हणून वेळ जास्त लागेल. पण लहान आहे, येईल."

त्या दिवसापासून तेल बंद केलं. जाऊबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. पोरगी मात्र लगेच जवळ आली नाही. मी नुसती शेजारून गेले तरी कोपर पोटाशी धरायची. तिला व्यायाम कर म्हणायचीही मला हिंमत होईना. मी नुसती कामं सांगायची: शेंगा फोड, दोरीवरचे कपडे काढ, मशीनची बॉबिन भरून दे. ती करायची, मी न बघितल्यासारखं बघायची.

साधारण दोन महिन्यांनी तिने भाकरीचा तुकडा उजव्या हातात घेतला. हात तोंडापर्यंत गेला नाही, तर मान खाली वाकवून तोंडच हातापाशी नेलं. मी वरण आणायच्या निमित्ताने उठून आत गेले.

सहा महिने झाले तेव्हा हात वाकत होता पुरता. सरळ करताना थोडा कमी पडायचा. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "एवढ्याने काही अडत नाही. आता यायची गरज नाही."

आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. परतीच्या गाडीत बसले आणि जालना सुटायच्या आत झोपले. भोकरदनच्या स्टँडवर पोरीने हलवून उठवलं.

"आई, ऊठ ना. धावड्याची जीप भरून राह्यली."

पिशवी तिने आधीच उजव्या हातात उचलली होती.