उडी मारून उतरताना

शिवांजली मोहिते मूळची तासगावची. एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात तिचा उजवा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नव्हता. उंच आलेला चेंडू तिनं डोक्यानं घेतला, खाली उतरली आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने गेले, पण पुन्हा मैदानात उतरायचं धाडस तिला झालं नाही. ती फिजिओथेरपी शिकली. आता सांगलीजवळ माधवनगरला तिचा छोटा दवाखाना आहे.

आठवड्यातून दोन सकाळी ती शाळांच्या मैदानांवर जाते. सोबत दीड फूट उंचीचा लाकडी ठोकळा आणि मोबाईल. मुलं-मुली ठोकळ्यावरून खाली उडी मारतात, लगेच वर उसळतात, मग एका पायावर बसून उठतात. ती समोरून चित्रण करते आणि गुडघे, घोटे, कंबर कशी हलते ते वहीत लिहिते. दुखापत व्हायच्या आधी कच्चा दुवा सापडावा, एवढाच हेतू.

दोन वर्षांपूर्वी आटपाडी भागातल्या एका शाळेत तिनं चौतीस खेळाडू तपासले. त्यांत सृष्टी कोळेकर होती. पंधरा वर्षांची, संघातली सगळ्यात वेगवान. ती उतरली की दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकायचे, डावा जास्त. त्या गुडघ्याला थोडी सूजही होती. मुलीनं ती लपवली होती. सांगलीच्या स्पर्धेला अकरा दिवस होते.

"ही स्पर्धा सोड," शिवांजली म्हणाली. "आधी आठ आठवडे व्यायाम."

सृष्टी बूट उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील सिद्धू आले. मेंढरं राखणारा माणूस, खांद्यावर घोंगडी.

"आवं मॅडम, माझी पोरगी मेंढरामागं दिसभर चालती. तिच्या पायाला काय धाड भरलीया?"

शिवांजलीनं वाद घातला नाही. सृष्टीला ठोकळ्यावर उभं केलं आणि सिद्धूंना समोर बसवलं. मुलीनं उडी मारली. सिद्धूंनी मान तिरकी केली.

"पुन्यांदा मार गं."

तिसऱ्या उडीनंतर ते म्हणाले, "डावा पाय आत वडतीया. मेंढरू असं चालाय लागलं की आमी त्याला लांबच्या चाऱ्याला न्हेत न्हाई."

"तेच सांगतेय मी."

"मग ऱ्हाऊ द्या हिला घरी."

सृष्टी त्या दिवशी वडिलांशी बोलली नाही. संघ तिच्याशिवाय सांगलीला गेला.

त्याच स्पर्धेत शाळेच्या मुलांच्या संघातल्या साईराजचा गुडघा मोडला. शिवांजलीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'उत्तम' लिहिलेलं होतं. समोरच्या खेळाडूचा पाय जोरात बसला होता. मुख्याध्यापक नानासोंनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, चांगला म्हणालात तो पडला. जिला थांबवलं ती कदाचित खेळलीही असती. मग ह्या तपासणीचा उपयोग काय?"

शिवांजलीनं वही उघडून साईराजचं पान पाहिलं. मग ती म्हणाली, "कुणाला लागणार हे ही तपासणी सांगत नाही सर. मी तसं समजत होते, ते चुकलं. कुणाला काय शिकवायचं एवढंच ती सांगते."

"मग शिकवा. सगळ्यांना."

त्यानंतर तिनं 'उत्तम' हा शेरा लिहिणं बंद केलं. सरावाआधी वीस मिनिटं सगळ्या मुला-मुलींनी एकत्र करायचे व्यायाम तिनं बसवून दिले : एका पायावर तोल, मांड्यांची ताकद, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरणं. मुलं पहिले पंधरा दिवस कंटाळली. साईराजला भेटायला ती तीन वेळा त्याच्या घरी गेली. पहिल्या वेळी त्याच्या आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

सृष्टीचे आठ आठवड्यांचे दहा झाले. तालुक्याच्या सामन्यात ती शेवटची वीस मिनिटं खेळली. एकदा हवेतून दोन्ही पायांवर नीट उतरली, पण चेंडू बाहेर मारला. संघ एका गोलनं हरला. बसमध्ये ती शेजारच्या मुलीला सांगत होती, "तो गोल व्हायला पायजे होता गं."

शिवांजली त्या दिवशी दुसऱ्या शाळेत होती. कोरेगावची एक्केचाळीस मुलं तपासायची होती.